नव्या मल्लाला जुनी मापं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि कॉम्प्युटरवर बोलायचं नाही अशी अट घातली आहे. "मग कशावर बोलू?" असं विचारलं, तर म्हणाले, "फेब्रुवारीपासून ग्रुपवर जे भांडण चाललंय त्याचा निकाल लावून टाक. तू इंजिनिअर आहेस, आकडेमोड करून सांग." पैलवानांच्या भांडणात सॉफ्टवेअरवालीला पंच नेमणारी आपली तुकडी धन्य आहे. पण काम अंगावर घेतलंय, तर नीट करते.

गुरुजन आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी आधी हकीकत सांगते. यंदा २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. पृथ्वीराज मोहोळने महेंद्र गायकवाडला २-१ असं हरवलं आणि चांदीची गदा उचलली. पृथ्वीराज मुळशी तालुक्यातल्या मुठे गावचा, म्हणजे आपल्या वेल्ह्याच्या शेजारचा. आता वेल्ह्याला राजगड तालुका म्हणायचं, पण जिभेची सवय जात नाही. विशीतला पोरगा, आपल्याच मावळचा. त्या रात्री ग्रुपवर गदांचा आणि फटाक्यांचा पाऊस पडला. सकाळी आपल्यातल्या एकाने लिहिलं, "पोरगं चांगलंय, पण जुन्या मल्लांपुढं ही पोरं म्हणजे काहीच नाय." दुसऱ्याने उत्तर दिलं, "जुने मल्ल आजच्या गादीवर तीन मिनिटं तरी टिकले असते का?" झालं. तेव्हापासून आजपर्यंत दोन पक्ष आहेत. एक दादू चौगुल्यांचा, एक पृथ्वीराजचा. काल रात्री जेवताना वरणभातावरसुद्धा हाच विषय होता.

हे भांडण आपल्यातच का व्हावं, हे आपल्या गावाकडच्या माणसाला सांगायला नको. चैत्र-वैशाखात भोर आणि वेल्ह्याच्या गावोगावी जत्रा भरतात. सकाळी पालखी, दुपारनंतर कुस्त्यांचा फड. शेतात नांगरून, ढेकळं फोडून केलेला आखाडा, हलगीचा कडकडाट, आणि सुरुवातीला लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या. मग दहा रुपये, पन्नास रुपये, शंभर, असं करत इनाम चढत जायचं आणि दिवस मावळायला आला की मानाची शेवटची कुस्ती लागायची. कुणी कुणाला कुठल्या डावावर पाडलं, हे गावाला पुढच्या जत्रेपर्यंत पाठ असायचं. आपण सगळे त्या माणसांच्या गोष्टी ऐकत वाढलो. म्हणून जुन्यांना कुणी कमी म्हटलं की आपल्याला आपल्या आजोबांना कमी म्हटल्यासारखं वाटतं.

तर आधी जुन्यांच्या बाजूने बोलते, कारण मान त्यांचा.

महाराष्ट्र केसरी सुरू झाली १९६१ साली. पहिले मानकरी दिनकर दह्यारी. त्यानंतरच्या यादीत सलग दोनदा गदा जिंकणारे आहेत. दादू चौगुले १९७० आणि १९७१ ला, त्यांच्यामागोमाग लक्ष्मण वडार, आणि पुष्कळ पुढे २००७ आणि २००८ ला चंद्रहार पाटील. सलग तीनदा जिंकण्याचा मान पहिल्यांदा नरसिंग यादवने मिळवला, २०११ ते २०१३. लगेच पुढची तीन वर्षं विजय चौधरीने तेच करून दाखवलं. नुसत्या गदा मोजायच्या तर हिशेब दोन ओळींत संपतो. पृथ्वीराजची एक, या दोघांच्या तीन-तीन.

पण महाराष्ट्राच्या कुस्तीत महाराष्ट्र केसरी ही शेवटची पायरी कधीच नव्हती. गणपतराव आंदळकर १९६० चे हिंद केसरी. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये त्यांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाईलमध्ये रौप्य मिळवलं. त्याच स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती मानेंनी फ्रीस्टाईलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. म्हणजे एकाच स्पर्धेत आपल्या दोन मल्लांनी चार पदकं आणली. दादू चौगुल्यांनी १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं. दिल्लीच्या सतपालना १९७६ साली कोल्हापूरच्या खासबाग मैदानात युवराज पाटलांनी हरवलं, आणि याच सतपालनी पुढे १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं. आपल्या माणसाने ज्याला पाडलं तो पुढे आशियाचा विजेता झाला, यावरून पाडणाऱ्याची उंची कळते. आणि या सगळ्यांच्या आधी गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२, हेलसिंकी, कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

इथे जुन्या पक्षाने टाळ्या वाजवायला हरकत नाही. आता पृथ्वीराजच्या पक्षाचं ऐका.

पक्षाचं पहिलं म्हणणं असं, की माप बदललं की मोजलेल्या आकड्याला अर्थ राहत नाही. आमच्या कामात हे रोज घडतं. मागच्या वर्षीचा आकडा एका पद्धतीने काढलेला असतो, या वर्षीचा दुसऱ्या पद्धतीने, आणि मीटिंगमध्ये दोन्ही शेजारी ठेवून कुणीतरी विचारतं, "हे कमी का झालं?" कमी झालेलं नसतंच काही, मोजपट्टी बदललेली असते.

कुस्तीत मोजपट्टी किती बदलली बघा. फडातली निकाली कुस्ती म्हणजे पाठ मातीला लागेपर्यंत. चीतपट झालं की संपलं, नाहीतर अंधार पडेपर्यंत चालू. आजची गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा घेतला की दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकललं की एक गुण, आणि फ्रीस्टाईलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते. नुसतं बचावात उभं राहिलं तर पंच ताकीद देतात आणि घड्याळ लावतात. फडात तासभर समोरच्याला दमवून मग डाव टाकणारा मल्ल या नियमांत काय करेल? आणि सहा मिनिटांत वीज चमकावी तसा खेळणारा आजचा पोरगा तासाभराच्या निकाली कुस्तीत काय करेल? दोन्हीचं उत्तर तुमच्या-माझ्यापैकी कुणी बघितलेलं नाही.

वजनाचंही तेच. जागतिक स्पर्धेत सर्वांत वरच्या गटाला पूर्वी वरची मर्यादाच नव्हती. १९८५ पासून १३० किलोची मर्यादा आली, २००२ पासून ती १२० झाली, आणि २०१४ पासून १२५ आहे. म्हणजे 'सगळ्यात मोठा मल्ल' हा शब्दसुद्धा तीन वेळा बदललाय. गंमत बघा, महाराष्ट्र केसरी तीनदा जिंकणारा नरसिंग यादव आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ७४ किलो गटात खेळायचा. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं सुवर्ण आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेतलं कांस्य त्याला त्याच गटात मिळालं. त्याच्यासमोर घरच्या आखाड्यात उभी राहणारी माणसं किती थोराड असतील, याचा विचार करा.

आता एकच उदाहरण देते, त्यात माणसंसुद्धा तीच आहेत. १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती झाली. झिबिस्को जो खाली बसला तो उठायलाच तयार नाही. अडीच तासांहून जास्त वेळ झाला आणि शेवटी कुस्ती बरोबरीत सोडावी लागली. पुढे १९२८ साली पतियाळाला हीच जोडी पुन्हा लागली. गामाने एका मिनिटाच्या आत झिबिस्कोला पाडलं. तेच दोघे, मध्ये अठरा वर्षं, जागा वेगळी आणि मैदान वेगळं. लंडनच्या निकालावरून कुणी म्हणालं असतं, दोघे समान. पतियाळाच्या निकालावरून कुणी म्हणालं असतं, यांची तुलनाच होत नाही. एवढ्या दोन ओळखीच्या माणसांबद्दल आपल्याला ठाम सांगता येत नाही, तर जे कधी एकमेकांसमोर आलेच नाहीत त्यांच्याबद्दल काय सांगणार?

कुणी म्हणेल, थेट कुस्ती नसेल झाली तर साखळी लावू. याने त्याला पाडलं, त्याने तिसऱ्याला पाडलं, म्हणजे हा तिसऱ्यापेक्षा भारी. ग्रुपवर हा प्रकार पुष्कळ झाला. मी एका रविवारी बसले आणि गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या कुस्त्या कागदावर काढल्या. प्रत्येक मल्ल म्हणजे एक गाव, आणि जिंकणाऱ्याकडून हरणाऱ्याकडे जाणारा एकेरी रस्ता. इंजिनिअरिंगला याला ग्राफ म्हणतात. रस्ते सगळे एकाच दिशेने उतरत गेले तर वरपासून खालपर्यंत क्रम लावता येतो.

जानेवारी २०२३, पुणे. शिवराज राक्षेने अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडला हरवलं. त्याच स्पर्धेत माती विभागात महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला हरवलं होतं. नोव्हेंबर २०२३, फुलगाव. सिकंदर शेखने अंतिम कुस्तीत शिवराज राक्षेला हरवलं. आता बोट ठेवून रस्त्याने चला. शिवराजकडून महेंद्रकडे, महेंद्रकडून सिकंदरकडे, आणि सिकंदरकडून परत शिवराजच्या दारात. फिरून तिथेच! एका वर्षाच्या आतल्या तीन कुस्त्या, तिन्ही मल्ल एकाच पिढीचे, नियम तेच, आणि तरीही या तिघांत पहिला, दुसरा, तिसरा लागत नाही. प्रत्येकाची ठेवण वेगळी, कुणाचा डाव कुणाला लागू पडतो हे वेगळं, त्या दिवशीचा दम वेगळा. यंदाच्या फेब्रुवारीत पृथ्वीराजने गादी विभागात शिवराजला आणि मग महेंद्रला हरवलं. शिवराजबरोबरच्या निकालावरून आखाड्यात काय गोंधळ झाला तो सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलाय. खांदे टेकले की नाही, यावर सगळं अवलंबून होतं. इतक्या बारीक फरकावर ज्याची गदा ठरते, त्याला पन्नास वर्षांपूर्वीच्या मल्लाच्या वर किंवा खाली कुठे ठेवायचं?

बुद्धिबळात यावर एक उपाय आहे. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक एलो यांनी खेळाडूंना गुणांक देण्याची पद्धत बसवली. जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती १९७० साली स्वीकारली. तिचं मर्म सोपं आहे. सामन्याआधी दोघांच्या गुणांकावरून काय व्हायला हवं याचा अंदाज करायचा. दोनशे गुणांचा फरक असेल तर वरच्याला शंभरात साधारण शहात्तर गुण मिळावेत. अंदाजापेक्षा चांगलं खेळलात तर गुणांक वाढतो, वाईट खेळलात तर घटतो. बलवानाला हरवलं की जास्त वाढ, दुबळ्याला हरवलं की थोडी. म्हणजे नुसते विजय मोजत नाहीत, कुणावर मिळवले ते मोजतात.

पण या पद्धतीलाही एक कुंपण आहे. ती त्या-त्या काळात एकमेकांशी खेळणाऱ्यांनाच मोजते. दोन काळ जोडायचे तर मधल्या प्रत्येक वर्षाच्या लढतींची नोंद लागते. कुस्तीत मोठ्या स्पर्धांची नोंद आहे, पण आपले जुने मल्ल वर्षातून पन्नास जत्रा मारायचे. त्या कुस्त्या कुठे लिहिल्या आहेत? लोकांच्या तोंडी होत्या आणि ती माणसं एकेक करून गेली. मला यातली हीच बाजू सर्वांत जास्त लागली. आपल्याला तुलना करता येत नाही याचं अर्धं कारण नियमांत आहे, आणि अर्धं कारण हे की आपण लिहून ठेवलं नाही.

तरी निकाल द्यायला सांगितलाय, तर माझा निकाल असा आहे. एखाद्या मल्लाला जुन्यांच्या रांगेत बसवायचं असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. त्याच्या काळात त्याच्यासमोर कोण होतं आणि त्यांना त्याने किती वेळा पाडलं. वर पोचल्यावर तो तिथे किती वर्षं राहिला. आणि घरच्या आखाड्याबाहेर, परक्या नियमांत त्याने काय केलं. पृथ्वीराजने पहिल्या कसोटीत नाव मिळवलंय, कारण त्याने हरवलेले दोघेही अंतिम फेरीत खेळलेले मल्ल होते. दुसऱ्या कसोटीला त्याला अजून वेळच मिळालेला नाही. तिसरी कसोटी त्याच्यापुढे आहे, आणि आंदळकर, माने, खाशाबा हे त्या कसोटीला उतरले म्हणून आपण त्यांचं नाव घेतो. तेव्हा जुन्या पक्षाला विनंती, विशीतल्या पोराला पूर्ण झालेल्या आयुष्यांशी तोलू नका. नव्या पक्षाला विनंती, एका गदेवर त्याला देव करू नका, ते ओझं त्यालाच वाहावं लागतं.

चौथी एक गोष्ट आहे. ती आखाड्यात दिसत नाही. आंदळकर कुस्ती सोडल्यावर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीचे वस्ताद झाले आणि दादू चौगुले तिथे तयार झाले. दादूंचा मुलगा विनोद २००० साली महाराष्ट्र केसरी झाला. इकडे पुण्यात काका पवारांच्या तालमीतले दोन पठ्ठे, हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, जानेवारी २०२० च्या अंतिम कुस्तीत एकमेकांसमोर उभे राहिले. गदा कुठेही गेली तरी वस्तादाच्या घरीच जाणार होती. मल्लाने पुढे किती मल्ल घडवले, हे माप लावलं तर जुने लोक आजही खूप पुढे आहेत. समोरच्या रांगेत बसलेल्या आमच्या सरांना आणि बाईंना हे माप आवडेल, असं मला वाटतं.

आणि शिक्षकांचा विषय निघालाच आहे तर खाशाबांचं थोडं सांगते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले आणि सहावे आले. मातीत वाढलेला माणूस, गादीची सवय नाही, आंतरराष्ट्रीय नियम नवे. चार वर्षांनी हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून पैसे उभे केले. सहाव्यापासून तिसऱ्यापर्यंतचा प्रवास त्या माणसाच्या मनगटाचा, पण त्यात एका शिक्षकाचं घर आहे. त्यानंतर आजपर्यंत, त्र्याहत्तर वर्षांत, महाराष्ट्राच्या एकाही मल्लाला ऑलिंपिक पदक मिळालेलं नाही. हरियाणातल्या मुलामुलींनी आणली, आपण आणली नाहीत. मातीवर आपलं प्रेम आहे ते राहू द्या, पण जग गादीवर खेळतं आणि आपल्या खेड्यातल्या पोराला गादी दिसते ती थेट स्पर्धेच्या दिवशी.

आता मला एका वेगळ्याच तुलनेबद्दल बोलायचंय.

ग्रुपवरच्या शेकडो मेसेजेसमध्ये जुन्या-नव्या मल्लांची मी नावं मोजली. तीसच्या वर निघाली. बाईचं नाव एकही नाही. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. नाव घ्यायला जुनी नावंच नव्हती. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ ला सुरू झाली. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली मार्च २०२३ मध्ये, सांगलीला. तिथल्याच प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून ती गदा जिंकली. मध्ये बासष्ट वर्षं गेली. पृथ्वीराजला आपण विचारतो, तू दादू चौगुल्यांपेक्षा मोठा का? प्रतीक्षाला कुणाचं नाव घेऊन विचारणार?

बायका तेव्हा कुस्ती खेळायच्याच नाहीत, असं कुणी म्हणेल. आपल्या वर्गातलीच एक गोष्ट सांगते. जिची गोष्ट आहे ती आज इथे बसली आहे. तिची परवानगी घेतलीय, फक्त नाव घ्यायचं नाही असं ठरलंय. तिचा भाऊ जत्रेत कुस्ती करायचा आणि त्याला घरी सरावाला जोडीदार हवा असायचा. तर रोज संध्याकाळी खळ्यावर ही त्याच्याशी धरायची. आठवीत असताना तिने त्याला ढाक मारून सरळ पाठीवर घेतलं होतं, तेही एकदा नाही, अनेकदा. त्या वर्षी गावच्या जत्रेत रेवड्यांवरच्या कुस्त्या लागल्या तेव्हा ती आखाड्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. पंचांपैकी एकाने तिला बघितलं आणि म्हणाला, "पोरी, रेवड्या पाहिजेत का? घे की मूठभर, लाजतीस कशाला." सगळे हसले. तिने रेवड्या घेतल्या नाहीत. भावाने त्या वर्षी पितळेची परात जिंकली. दहावीच्या निकालानंतर दीड वर्षात तिचं लग्न झालं. ती परात पुढे तिच्याच रुखवतात गेली, आणि आजही ती त्याच परातीत पीठ मळते, हे तिने मला परवा हसत-हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

ती किती मोठी मल्ल झाली असती? माहीत नाही, आणि जगातल्या कुठल्याही गुणांकाने ते काढता येणार नाही. ज्या कुस्त्या झाल्याच नाहीत त्यांचं गणित नसतं. जुन्या मल्लांच्या जत्रेतल्या कुस्त्या निदान कुणाच्या तरी आठवणीत होत्या. या मुलींच्या तर लागल्याच नाहीत.

तिची भाची आज आपल्याच शाळेत आठवीत आहे. ती तालुका पातळीवर कुस्ती खेळते. परवा मी मुद्दाम शाळा सुटल्यावर तिचा सराव बघायला थांबले. वर्गातल्या चार सतरंज्या एकावर एक टाकून त्यावर ती आणि दुसरी एक मुलगी धरत होत्या. दर दोन मिनिटांनी सतरंजी सरकायची, मग दोघी थांबून ती ओढून सरळ करायच्या आणि पुन्हा धरायच्या. तिला पाठीवर पडायची भीती वाटते का विचारलं. म्हणाली, "आत्या, पाठीची नाय वाटत, कोपराची वाटते. खाली फरशी हाय."

जेवणानंतर आपली निधीची बैठक आहे. या मेळाव्यासाठी जमवलेल्या पैशांतून जे उरलंय, त्याचं काय करायचं ते ठरवायचंय. शाळेच्या दारात तुकडीच्या नावाची कमान उभारावी, असा एक प्रस्ताव आहे. ज्यांनी तो मांडला त्यांचं शाळेवरचं प्रेम माझ्यापेक्षा तसूभरही कमी नाही, आणि कमान झाली तर मीही तिच्याखाली उभी राहून फोटो काढीन. पण माझा दुसरा प्रस्ताव आहे, आणि तो मी आत्ताच सगळ्यांसमोर मांडते. आपण शाळेला कुस्तीची गादी घेऊन द्यावी. स्पर्धेची गादी बारा मीटर लांब, बारा मीटर रुंद असते, त्यात नऊ मीटर व्यासाचं वर्तुळ. सभागृहात तेवढी जागा आहे की नाही ते मी काल पावलं टाकून मोजलं. खुर्च्या भिंतीला लावल्या तर बसते. पूर्ण गादीचे पैसे पुरले नाहीत तर सरावापुरती लहान घेऊ आणि पुढच्या तुकड्यांना उरलेली जोडायला सांगू.

त्याबरोबर एक वही ठेवावी. साधी, लांब, पुठ्ठ्याची, कार्यालयात मिळते तशी. त्या गादीवर शाळेतली जी मुलं-मुली खेळतील त्यांचं नाव, वजन, कुणाशी धरली आणि काय निकाल लागला, एवढं दर शनिवारी लिहायचं. मी ती माहिती कॉम्प्युटरवर चढवून देईन. पाहिलंत, एवढं मोडायचं नाही म्हणून सांगितलेली अट शेवटी मोडलीच. तीस वर्षांनी याच सभागृहात कुठली तरी तुकडी जमेल आणि आपली नवी कोण, जुनी कोण, भारी कोण, यावर भांडेल. ते भांडण त्यांनी भरल्या वहीवर करावं. आणि त्या वहीत मुलींची पानं मुलांइतकीच असावीत.

बैठक अडीच वाजता आहे. कमान की गादी, हे हात वर करून ठरेल. बैठकीला थांबा, जेवून लगेच एस.टी. गाठू नका. आमच्या त्या मैत्रिणीने भाचीलाही बोलावलंय. ती दाराशी उभी असेल, लाजाळू आहे, तिला आत बोलावून घ्या.

सर, बाई, तुम्ही आम्हाला कधी दुसऱ्या तुकडीशी तोललं नाहीत. तुमच्या मनात तुलना झाली असेलच, पण ती आमच्या कानावर येऊ दिली नाहीत. त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून तुम्हाला नमस्कार करते आणि थांबते.